बी.एस्सी. प्रथम वर्षासाठी सोलापुरात प्रवेश घेतला आहे. सुरुवातीला कशाकशाकडे लक्ष द्यावे?

प्रश्न (प्रथम वर्ष, अक्कलकोट तालुका)

नमस्कार. मी अक्कलकोट तालुक्यातील कर्नाटक सीमेलगतच्या एका गावची विद्यार्थिनी आहे. यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच असल्यामुळे घरी कोणाला काही विचारावे अशी सोय नाही. वडिलांना माझ्याइतकीच काळजी वाटते, पण ती बोलून दाखवायची नाही असे त्यांनी ठरवलेले दिसते.

दहावीपर्यंत माझे शिक्षण कन्नड माध्यमात झाले. अकरावी-बारावीला पुस्तके इंग्रजीत होती, तरी सर समजावून सांगताना मराठीच वापरत असत, त्यामुळे निभावले. आता सगळे तास इंग्रजीत झाले तर मला कळेल का, आणि मराठी बोलताना माझे कन्नड वळण ऐकून मुली हसतील का, ही माझी मोठी भीती आहे. दुसरे म्हणजे रोज एसटीने अप-डाऊन करावे की सोलापुरात कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन) राहावे, हे ठरत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, श्रेयांक, खुला वैकल्पिक विषय हे शब्द प्रवेशाच्या दिवशी ऐकले. मान हलवली, पण समजले काहीच नाही. रॅगिंगबद्दलही आईने काहीबाही ऐकले आहे. ज्यांनी हे सगळे पार केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (तृतीय वर्ष, रसायनशास्त्र)

मी अप-डाऊनचा प्रश्न आधी घेतो, कारण मी स्वतः पहिले वर्षभर मोहोळहून रोज ये-जा केली आहे आणि त्यातले बरे-वाईट दोन्ही मला ठाऊक आहे. अक्कलकोट ते सोलापूर हे अंतर सुमारे 40 किलोमीटर आहे, म्हणजे ते अशक्य नाही. परंतु तुमचे गाव अक्कलकोटच्याही पुढे असेल आणि दोन गाड्या बदलाव्या लागत असतील, तर सारा हिशेब बदलतो. निर्णय घेण्यापूर्वी एक काम करा. वेळापत्रक लागले की त्यातील तासांपेक्षा प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी आणि किती वाजता आहे ते पाहा. तास एखाद्या दिवशी बुडाला तर मैत्रिणीच्या वहीवरून भरून काढता येतो, प्रॅक्टिकलचे तसे नसते.

याचे एक उदाहरण देतो. पहिल्याच सत्रात टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरे मोजून मिसळण्याचा प्रयोग, करावे लागते. ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) थेंब थेंब सोडत असताना फ्लास्कमधील द्रावण एका थेंबाला फिकट गुलाबी होते आणि तिथेच तोटी बंद करायची असते. आणखी दोन थेंब गेले की रंग गडद होतो आणि ती नोंद सोडून सगळे पुन्हा करावे लागते. तोटी किती सैल करायची हे कोणत्याही पुस्तकातून कळत नाही, ते हाताला कळावे लागते आणि त्यासाठी चार-पाच आठवडे सलग प्रयोगशाळेत उभे राहावे लागते. माझी प्रॅक्टिकलची बॅच (वर्गाचा गट) दुपारची होती, शेवटची सोयीची गाडी गाठण्यासाठी मी अर्ध्यातून निघत असे, आणि पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत त्याची किंमत मोजली. बॅच सहसा रोल नंबरप्रमाणे पाडतात. प्रवासाची अडचण असेल तर पहिल्या आठवड्यातच विभागप्रमुखांना भेटून लेखी अर्जाने बॅच बदलून मागा. जर्नलची (प्रयोगवहीची) दहा पाने लिहून झाल्यावर मागितली तर ते अवघड होते.

अप-डाऊन करायचेच ठरले, तर महाविद्यालयातून बोनाफाईड (तिथे शिकत असल्याचा दाखला) घेऊन एसटीचा विद्यार्थी पास काढा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे अनेक मुली पास काढायचा कंटाळा करतात. परंतु मासिक पासात विद्यार्थ्याला भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो, म्हणजे तो निम्म्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडतो.

खुल्या वैकल्पिक विषयाबद्दल थोडक्यात सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे तुम्हाला वाणिज्य किंवा कला-मानव्य शाखेतील काहीतरी निवडायचे आहे. मैत्रीण घेते म्हणून घेऊ नका. जागा मर्यादित असतात, म्हणून यादी लागली की त्याच दिवशी अभ्यासक्रम वाचून नाव द्या.

उत्तर (एम.एस्सी., पूर्व भाग)

ताई, तुमचा भाषेचा परिच्छेद वाचला आणि मी माझ्या पहिल्या दिवसात जाऊन पोहोचले. आमचे घर सोलापूर शहराच्या पूर्व भागात आहे आणि घरची भाषा तेलुगू. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर होते. तालुक्याहून आलेल्या मुली चांगले मराठी बोलतात आणि आपले मराठी कच्चे, असे मला वाटत असे, म्हणून पहिला महिनाभर मी वर्गात तोंड उघडले नाही. नंतर ओळखी झाल्यावर कळले की माझ्या उजवीकडची मुलगी घरी उर्दू बोलत होती, मागच्या बाकावरच्या दोघी कन्नड, आणि तिघीही माझ्यासारख्याच गप्प बसल्या होत्या.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रस्त्यावर, बाजारात आणि रिक्षात ऐकू येतात. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत सारे शहर लोटते, त्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्येच आहेत. तेव्हा या गावात कन्नड वळणाचे मराठी बोलणारी मुलगी परकी ठरत नाही. कोणी एखादी हसलीच, तर ते आठवडाभर टिकते, त्याहून अधिक नाही. हे मी धीर देण्यासाठी सांगत नाही, मी पाहिलेले सांगते.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे आणि ती आपोआप सुटत नाही. परीक्षेचे उत्तर इंग्रजीत लिहायचे असते. वर्गात बहुतेक शिक्षक संज्ञा इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत सांगतात, त्यामुळे ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि लिहायला बसले की एक वाक्य पुरे होत नाही. मी यावर एक उपाय केला. शंभर पानी वही घेतली, पानाच्या मध्ये उभी रेघ मारली, डावीकडे इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे तिचा अर्थ तेलुगूत माझ्या शब्दांत लिहीत गेले. मराठीत नव्हे, तेलुगूत. कारण आईला सांगावे तसे सांगता आले तरच ते मला समजलेले असे. रोज सात-आठ संज्ञा एवढेच. दिवाळीपर्यंत वही भरली आणि त्यानंतर पुस्तकाची पाने मला वाचता येऊ लागली. तुम्ही ती वही कन्नडमध्ये करा. त्याचबरोबर आठवड्यातून एकदा कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर न पाहता इंग्रजीत लिहून सरांना किंवा मॅडमना तपासायला द्या. पहिल्या वेळी माझ्या कागदावर लाल शाई निळ्या शाईपेक्षा जास्त होती, पण मॅडमनी तो कागद परत देताना पुढच्या आठवड्याचा प्रश्न स्वतःहून सांगितला.

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका)

मुली, तू विचारलेस हे उत्तम केलेस. तीस वर्षांहून अधिक काळ शिकवताना मी असे पाहिले की प्रथम वर्षाची मुले अभ्यासापेक्षा ऑफिसच्या खिडकीवर अधिक अडतात. शाळेत शिक्षक घरी निरोप पाठवत असत. महाविद्यालयात सूचना फलकावर किंवा वर्गाच्या ग्रुपवर लागते आणि ती आपण वाचली असे गृहीत धरले जाते. म्हणून रोज एकदा फलकापाशी उभे राहण्याची सवय लाव.

आता कागदपत्रांविषयी. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीचे बहुतेक अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. प्रवर्गानुसार योजना वेगळ्या आहेत आणि त्यांच्या उत्पन्न मर्यादाही वेगळ्या आहेत. उदाहरणार्थ, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत चालते. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचे प्रमाणपत्र, आणि आधारशी जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते एवढे आताच तयार ठेव. अर्ज ऑनलाइन भरला म्हणजे काम झाले असे समजू नकोस. छापील प्रत आणि कागदपत्रे महाविद्यालयात द्यावी लागतात, आणि तिथून अर्ज पुढे गेला की नाही हे स्वतः लॉगिन करून पाहावे लागते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्या जिल्ह्यात ती वारंवार घडते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे नाव सिद्धाराम. गुणपत्रिकेवर इंग्रजीत त्या नावात ‘डी’ हे अक्षर दोनदा होते आणि आधार कार्डावर एकदाच. एवढ्या एका अक्षरापायी तिची शिष्यवृत्ती वर्षभर अडून राहिली आणि त्या वर्षाचे शुल्क तिच्या आईने कानातले मोडून भरले. शिवलिंगप्पा, मल्लिकार्जुन, गुरुसिद्धय्या अशी नावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कचेरीत वेगळी लिहिली जातात. तुझी दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधार दुरुस्त करणे हे गुणपत्रिका दुरुस्त करण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. श्रेयांकांच्या नोंदीसाठी जो एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक काढावा लागतो, त्यालाही हीच जुळणी लागते.

श्रेयांक म्हणजे काय, तेही समजून घे. पंधरा तासांच्या अध्यापनाला 1 श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या तीस तासांना 1 श्रेयांक, अशी मोजणी आहे. एका सत्राला साधारण 20 ते 22 श्रेयांक असतात आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 लागतात. मध्येच शिक्षण थांबले तरी मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. ही तरतूद तुला वापरावी लागू नये अशीच माझी इच्छा आहे. परंतु पहिल्या वर्षानंतर लग्न ठरल्यामुळे वर्गातून नाहीशा झालेल्या हुशार मुली मी इतक्या पाहिल्या आहेत, की हा नियम प्रत्येक मुलीला पहिल्याच महिन्यात ठाऊक असावा असे मला वाटते.

रॅगिंगबद्दल आईला सांग की महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी 1800-180-5522 ही आहे. तो क्रमांक फोनमध्ये साठवून ठेव. कोणी नाव विचारले, गाव विचारले, तर ते रॅगिंग नव्हे. मात्र नको असताना काही करायला लावणे, दमदाटी करणे, चेष्टेने रडवेपर्यंत नेणे हे सगळे त्यात येते, आणि तसे झाले तर त्याच दिवशी सांगावे.

आणखी एक सुचवते. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव दे. वर्षाला 120 तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. खेड्यातून आलेली जी मुलगी वर्गात बोलायला बिचकते, तीच शिबिरात गावकऱ्यांशी इतक्या सहज बोलते की शहरातल्या मुली तिच्या मागे उभ्या राहतात.

उत्तर (पालक)

माझी मुलगी गेली दोन वर्षे सोलापुरात कॉट बेसिसवर राहते, म्हणून राहण्यापुरते लिहितो. आधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाची चौकशी करा. तिथे प्रवेश गुणवत्तेनुसार मिळतो आणि मुदत टळली की वर्ष जाते. खोली पाहायला जाल तेव्हा भाडे शेवटी विचारा, पाण्याचे आधी विचारा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, त्यामुळे साठवण किती आहे आणि कूपनलिका आहे का, हे स्वतः पाहावे. आम्ही पहिल्या वर्षी चकचकीत फरशी पाहून खोली घेतली आणि ऐन एप्रिलच्या परीक्षेत, पारा चाळिशीपार असताना, चार मुलींना एका पिंपावर दिवस काढावे लागले. मेसचा डबा महिन्याचा ठरवण्यापूर्वी आठवडाभर खाऊन पाहावा. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर डबा चुकल्या दिवशी उपाशी राहावे लागत नाही.

विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. रात्री कंदिलासारख्या मंद दिव्यात (गावात विजेचा दाब कमी असतो) मी आणि वडिलांनी सगळे कागद चटईवर मांडून अक्षरे ताडली. माझे नाव जुळते, पण वडिलांच्या नावात बँकेच्या पासबुकात शेवटचे ‘ए’ जास्त आहे. ते सोमवारी बँकेत जाणार आहेत. वेळापत्रकात माझी प्रॅक्टिकल आठवड्यातून तीन दिवस दुपारी आहेत, म्हणून पहिले सत्र राहूनच काढावे असे घरी ठरले आहे. वही आणली आहे आणि मधली रेघ मारली आहे. पासबुक दुरुस्त करताना आधी बँकेत जायचे की महाविद्यालयाचे बोनाफाईड सोबत न्यायचे?

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका)

आधी बोनाफाईड घे, आणि त्यावर वडिलांचे नाव गुणपत्रिकेप्रमाणेच लिहिले आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी वाचून पाहा. आधार आणि गुणपत्रिकेच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ने, आणि बँकेतून अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नका.