जुने गोवे दोन तासांत उरकू नका

‘बाँ जेझू आणि से कॅथेड्रल ही दोन चर्च पाहिली की जुने गोवे झाले, दोन तास पुरेत’ असे एकाने लिहिले आहे; ते मत मला अजिबात पटले नाही. चर्च पाहाच, पण फोंड्याच्या रस्त्याला लागल्यावर पोर्तुगीज काळातल्या सेंट पॉल कॉलेजची उरलेली एकच कमान उभी आहे, तिथे जरूर थांबा. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना याच कॉलेजात सुरू झाला! आम्ही फोंड्याचे, पाहुणे आले की मी त्यांना आधी इथे उतरवतो, कारण बसमधून ही कमान दिसेपर्यंत मागे पडलेली असते.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथही १५६३ मध्ये याच शहरात छापला गेला. पणजीतली चर्चसमोरची बाग त्याच्याच नावाची आहे.