‘थांब, आलोच!’ यातला काळ कोणता?

भाचीची मराठीची वही परवा चाळत होतो. सहावीत आहे, घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत. ‘पुढील वाक्यांचा काळ ओळखा’ असा प्रश्न, पाच वाक्यं, त्यातली चार बरोबर. पाचवं वाक्य होतं, ‘थांब, मी आलोच!’ तिने लिहिलं होतं भविष्यकाळ. बाईंनी लाल पेनाने फुली मारून शेजारी ‘भूतकाळ’ लिहिलंय. भाचीची तक्रार अशी की जो माणूस अजून आलेलाच नाही, त्याचा भूतकाळ कसा? मी ‘बाई म्हणतात तेच बरोबर’ म्हणून वेळ मारून नेली आणि तेव्हापासून स्वतःच अडकलोय.

एकदा कान तिकडे लागला की सगळीकडे तेच ऐकू येतं. ठाणे स्टेशनात गाडीचा नुसता दिवा मुलुंडच्या बाजूला दिसतो आणि अख्खा फलाट ‘आली, आली’ करत पाठीवरच्या बॅगा पोटावर घेतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल आहे. तिथल्या पोऱ्याला चहा सांगितला की तो ‘आणला!’ म्हणतो आणि मग दहा मिनिटं त्याचा पत्ता नसतो. पाहुणे चपला शोधत ‘चला, निघालो’ म्हणतात आणि उंबऱ्यात पोचले की ‘येतो’. म्हणजे जायचं असलं की ‘येतो’ आणि यायचं असलं की ‘आलो’. परक्या माणसाने मराठी शिकावी तरी कशी?

तर प्रश्न दोन. ‘आलोच’चा काळ कोणता म्हणायचा? आणि ही खोड आपलीच, की इतर भाषांतही असं चालतं?

नौपाडा:
भूतकाळच. प्रत्यय ‘ला’चा आहे, विषय संपला. बोलणारा थाप मारतोय ही व्याकरणाची जबाबदारी नाही. भिकारी ‘मी राजा आहे’ म्हणाला तर वर्तमानकाळ बदलतो का?

मूळ लेखक:
थाप असती तर मान्य केलं असतं. पण नकार करून बघा. ‘मी काल आलो’ याचा नकार ‘मी काल आलो नाही’. आता घरातून हाक आली, ‘जेवायला ये’, आणि तुम्ही ‘आलो’ म्हणालात. जायचं नसेल तर काय म्हणाल? ‘येत नाही’ किंवा ‘नाही येणार’. त्या जागी ‘आलो नाही’ कुणीही म्हणत नाही. दोन्ही ‘आलो’ एकच असते तर त्यांचे नकार असे दोन वाटांनी गेले नसते.

दुसरी गोष्ट, हे ‘आलो’ फार लांब ताणता येत नाही. ‘पाच मिनिटांत आलो’ चालतं. ‘मी उद्या आलो’ एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा ‘तर काय?’ म्हणून वाट बघेल. ‘उद्या आलोच म्हणून समज’ मात्र चालतं. थापेला असले नियम नसतात.

वाशी:
आपलीच खोड नाही. आमच्या ऑफिसातली कन्नड मुलगी फोनवर ‘बंदे, बंदे’ म्हणत लिफ्टकडे पळते, आणि ‘बंदे’ म्हणजे ‘मी आले’, सरळ भूतकाळ. गुजराती शेजारी ‘आव्यो’ म्हणतात, हिंदीवाले ‘अभी आया’. तमिळमध्ये ‘इदो वंदुट्टेन’, म्हणजे ‘हा आलोच’. तेव्हा नुसत्या संस्कृतातून आलेल्या भाषांचं हे नाही, द्राविडी भाषाही त्यात आहेत. तुर्की माणूस दाराची घंटा वाजली की ‘गेल्दिम, गेल्दिम’ ओरडत दार उघडायला जातो. तेही ‘आलो, आलो’च.

जपानीत तर तुमचा फलाट जसाच्या तसा आहे. लांबून बस दिसली की ‘बासु गा किता’. ‘किता’ म्हणजे आली. बाजारातला विक्रेता ‘कात्ता, कात्ता!’ ओरडतो. शब्दशः ‘घेतलं, घेतलं’, अर्थ ‘घ्या, घ्या’. आणि वाटेतल्या लोकांना बाजूला करायला ‘दोइता, दोइता!’, म्हणजे ‘सरकले, सरकले’. आपल्या गर्दीत ही युक्ती चालेल का, शंका आहे.

मूळ लेखक:
दटावताना चालते की! ‘गप बसलास की नाही!’ यात भूतकाळाच्या रूपाने हुकूमच सुटलाय. आमच्या वडिलांच्या तोंडी हे वाक्य इतकं असायचं की त्यात काळ शोधायची आमची हिंमत नव्हती.

चरई:
काका, तरुणपणी मी तीन वर्षं रशियन शिकले, म्हणून थोडी भर घालते. 12 एप्रिल 1961 रोजी यान सुटताना युरी गागारिन जे बोलला, ते जगभर प्रसिद्ध झालं: ‘पयेखाली!’ भाषांतरांत ते ‘चला, जाऊ या’ असं दिसतं. पण रूप बघाल तर ते भूतकाळी अनेकवचन आहे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, ‘निघालो!’ यान अजून हलतंय न हलतंय, आणि हा ‘निघालो’ म्हणतोय. घरातून निघणारा रशियन माणूसही ‘या पशोल’ म्हणतो, ‘मी निघालो’. गंमत म्हणजे यायच्या वेळी मात्र ते असं करत नाहीत. हाक मारली तर ‘ईदू’ म्हणतात, तो वर्तमानकाळ. म्हणजे निघण्यात आपण आणि ते एक, येण्यात वेगळे. इंग्रजीत तर दोन्हीकडे वर्तमानच.

आणि एक सांगते. आमच्या बिल्डिंगमधली इंग्रजी शाळेतली मुलं हाकेला ‘आलो’ म्हणतच नाहीत, ‘येतोय’ म्हणतात. चूक नाही, पण त्या ‘येतोय’नंतर अर्धा तास जातो. ‘आलो’ म्हटलं की निदान खुर्चीवरून उठावं तरी लागतं.

नौपाडा:
‘आलो’ म्हणूनही कुणी उठत नाही, ताई. माझ्या घरी येऊन बघा.

घंटाळी:
यावर पाणिनीने सूत्रंच केली आहेत. त्याच्या ‘अष्टाध्यायी’त तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात दोन सूत्रं लागोपाठ येतात. 131वं ‘वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा’. गोष्ट आत्ताच्या जवळची असेल, मग ती नुकती घडलेली असो वा घडायची असो, तर वर्तमानकाळाचं रूप विकल्पाने चालतं. काशिकावृत्तीतली, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेतली, उदाहरणं मराठी कानाला अगदी घरची वाटतात. ‘देवदत्ता, कधी आलास?’ याला उत्तर ‘अयम् आगच्छामि’. माणूस येऊन बसलाय आणि म्हणतोय, ‘हा काय, येतोच आहे’. आपण दुसरं काय बोलतो? पुढे ‘कधी जाणार?’ याला ‘एष गच्छामि’, म्हणजे ‘हा निघालो’. तो ‘एष’ म्हणजेच आपल्या ‘हा आलो’मधला ‘हा’. काशिकेत ‘आगच्छन्तमेव मां विद्धि’ असाही पर्याय दिलाय. मला येत असलेलाच समज. तुमचं ‘आलोच म्हणून समज’ त्याच्या शेजारी ठेवा.

132वं सूत्र ‘आशंसायां भूतवच्च’. घडावीशी वाटणारी, अजून न घडलेली गोष्ट असेल तर भूतकाळासारखे प्रत्ययही चालतात. उदाहरण गुरुजींचं आहे: ‘उपाध्यायश्चेद् आगतः’, म्हणजे ‘गुरुजी आले तर’. मराठीत ‘उद्या पाऊस पडला तर’ हे आपण रोज म्हणतो, आणि तिथे कुणाला भूतकाळ खटकत नाही. मग ‘आलोच’मध्येच का खटकावा?

मूळ लेखक:
ताई, ही दोन सूत्रं एकदम आली हे फार बरं झालं. कारण त्यातून दिसतं की माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींचा गोंधळ होता. ‘उद्या आलो तर’ याचा नकार ‘उद्या आलो नाही तर’ असा सरळ होतो. हाकेच्या ‘आलो’चा होत नाही. म्हणजे ‘तर’वालं ‘आलो’ आणि हाकेचं ‘आलो’ दिसायला जुळे, पण भाऊ वेगळे. ‘परवा आलो तर चालेल का?’ हे वाक्य बघा. ‘परवा’ मागचा की पुढचा, ते शब्द सांगत नाही. ‘आलो’ भूतकाळाचं रूप घालून उलट दिशाभूल करतं. ‘चालेल’वर येईपर्यंत ऐकणाऱ्याला दम धरावा लागतो, आणि तो धरतो.

मुंब्रा:
अरबीत प्रार्थनेलाही भूतकाळ लावतात. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की ‘रहिमहुल्लाह’ म्हणतात. शब्दशः ‘अल्लाहने त्याच्यावर दया केली’, अर्थ ‘दया करो’. मागायचं ते मिळालंच असं धरून मागायचं.

कळवा:
माझी आजी मालवणची. ती ‘इलंय, इलंय’ म्हणायची, म्हणजे ‘आले, आले’च. आणि बाई बोलो की बुवा, दोघांना ‘इलंय’च. प्रमाण मराठीत मुलगी ‘आले’, मुलगा ‘आलो’. आजीला ते उगाच किचकट वाटायचं.

ऐरोली:
चिनीत क्रियापदाला काळच नसतो म्हणतात, ते खरं आहे का?

वाशी:
क्रियापदाचं रूप बदलत नाही हे खरं. काल, आज, उद्या हे शब्द वाक्यात येतात, त्यावरून कळतं. पण मागे एक ‘ल’ लावतात. त्याने स्थिती पालटली, हे कळतं. वेटरला हाक मारली की तो ‘लाय ल, लाय ल’ म्हणतो. आलो, आलो. तुमचा हॉटेलातला पोऱ्या शांघायलाही टिकेल.

मूळ लेखक:
वाशीकर, तुमच्या त्या ‘ल’ने माझं काम सोपं केलं. आपल्या ‘ला’शी त्याचं नातं काही नाही, योगायोग आहे. पण काम सारखं आहे.

मराठीतला हा ‘ला’ मुळात काळ दाखवायला आलाच नव्हता. संस्कृतातलं ‘गत’ हे धातुसाधित विशेषण, त्याला प्राकृतात ‘इल्ल’ जोडून पुढे ‘गेला’ झालं. म्हणजे ते विशेषण होतं, आणि अजूनही आहे. ‘पिकला आंबा’, ‘गेली वर्षं’, ‘आल्या पावली परत’. ‘उद्या उठल्या उठल्या फोन कर’ यात उठणं उद्याचं आहे आणि ‘ला’ तसाच बसलाय. कोकणात चालत्या-बोलत्या माणसाला ‘मेल्या’ म्हणतात, तिथे तर काळाचा काही संबंधच नाही. ‘ला’ सांगतो ते एवढंच की क्रिया शेवटाला पोचली. ती कुठल्या वारी पोचली हे दुसरं कुणीतरी सांगायचं: काल, आत्ता, तर, किंवा स्वयंपाकघरातून आलेली हाक. सकर्मक क्रियापदात हे विशेषणपण अजून उघड दिसतं: ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’. खाणारा तोच, पण क्रियापद आंब्या-पोळीच्या मागे जातं. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. ‘राजें’ म्हणजे राजाने, आणि ‘लें’ त्या करवलेल्या गोष्टीचं. राजाचं नव्हे.

‘मी चाललो’ हे तर कुणाच्याच लक्षात येत नाही. रूप ‘ला’चं, अर्थ बहुतेक वेळा आत्ताचा. ‘कुठे चाललास?’ असं विचारल्यावर कुणी ‘काल का?’ म्हणत नाही. ‘भूक लागली’ तसंच. लागून संपली असती तर ताट कशाला मांडलं असतं?

म्हणून मला जुन्या मराठी वैयाकरणांचं कौतुक वाटतं. मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या व्याकरणात क्रियापदाच्या रूपांची नावं प्रत्ययावरून आहेत: ताख्यात, लाख्यात (म्हणजे ‘ला’चं रूप), वाख्यात. आधी रूपाचं नाव, मग ते रूप कोणकोणते अर्थ देतं याचा विचार. ‘आलो’ हे लाख्यात, एवढं म्हटलं की बाई आणि भाची दोघींचं भांडण मिटतं: रूप लाख्यात, वेळ पुढची. शाळेच्या पुस्तकांनी दोन्हीला ‘काळ’ हाच एक शब्द ठेवला आणि तिथून फुल्या मारणं सुरू झालं.

घंटाळी:
संस्कृतातही तेच. लट्, लिट्, लुट्, लङ्, लुङ् ही नावं घोकताना आम्ही रडायचो, पण ती काळाची नावं नाहीत हाच त्यांचा फायदा. भूतकाळाच्या रूपांना तिथे तीन घरं आहेत. साधं घडलेलं ते लुङ्, आजच्या दिवसाआधीचं ते लङ्, आणि बोलणाऱ्याने डोळ्यांनी न पाहिलेलं ते लिट्. ‘परोक्षे लिट्’ हेही सूत्रच आहे. म्हणून पुराणकथांत ‘बभूव’ आणि ‘उवाच’ची एवढी रेलचेल.

वाशी:
न पाहिलेल्यासाठी वेगळं रूप तुर्कीतही आहे. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी बघितलं. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे.

मूळ लेखक:
आपल्याला त्यासाठी ‘म्हणे’ पुरतो. ‘पाणी साडेसहाला आलं म्हणे’ हे आमच्या सोसायटीतलं रोजचं वाक्य, आणि त्यातल्या ‘म्हणे’ची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे.

नौपाडा:
बरं, हार मानतो. वहीचं काय झालं?

मूळ लेखक:
बाईंना भेटलो. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. नकाराची परीक्षा त्यांना आवडली, दोनदा स्वतःशी ‘आलो नाही, येत नाही’ म्हणून बघितली. पण उत्तरसूचीत ‘भूतकाळ’ छापलंय आणि सूचीबाहेर गुण देता येत नाही. पुढच्या चाचणीत ते वाक्य घेणार नाहीत, त्याऐवजी ‘काल पाऊस पडला’ घेणार आहेत. भाचीने घरी आल्यावर विचारलं, ‘पडला तर’ असं असेल तर?