मदत हवी आहे: लॉगसाठी एकच स्वतंत्र सर्व्हर, मधले लॉग गळू नयेत म्हणून काय करावं?

मंडळी, दहा-बारा लिनक्स सर्व्हर आणि एक फायरवॉल यांचे लॉग एका जागी आणून त्यात शोधता यावं, एवढंच काम आहे. क्लस्टर नको. मशीन एकच: १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. रोजचे साधारण ६ जीबी लॉग, म्हणजे स्प्लंक या लॉग शोधण्याच्या सॉफ्टवेअरचं फुकट लायसन्स (दिवसाला ५०० एमबी) पहिल्या फेरीतच बाद. इलॅस्टिकसर्च (लॉग साठवून शोधणारं), लॉगस्टॅश (लॉग घेऊन त्याच्याकडे पाठवणारं) आणि किबाना (ते पडद्यावर दाखवणारं) बसवलंय. सगळे लॉग यूडीपीवरून (पोचल्याची खात्री न करणारी पाठवणी) थेट लॉगस्टॅशकडे येतात. इलॅस्टिकसर्चला हीप (त्याच्यासाठी राखलेली रॅम) ८ जीबी.

अडचणी: लॉगस्टॅश रीस्टार्ट झाला की तेवढ्या वेळाचे लॉग गायब. ही खरी डोकेदुखी. शिवाय इलॅस्टिकसर्चचा स्टेटस कायम पिवळा, आणि फायरवॉलच्या नोंदी काही तास पुढच्या वेळेच्या दिसतात. ९० दिवसांचा डेटा ठेवायचा आहे.

प्रतिसाद १:
पिवळ्याचं मनावर घेऊ नका. रेप्लिका (जादा प्रत) मूळ शार्डच्या, म्हणजे डेटाच्या मूळ तुकड्याच्याच नोडवर (इलॅस्टिकसर्च चालतो त्या मशीनवर) ठेवली जात नाही आणि तुमच्याकडे दुसरा नोडच नाही. नव्या इंडेक्सच्या (डेटाच्या साठ्याच्या) टेम्प्लेटमध्ये रेप्लिका शून्य करा. आधीच्या इंडेक्सना ते वेगळं लावावं लागेल. मग स्नॅपशॉट (बॅकअप) मात्र दुसऱ्या मशीनवर हवाच.

गळतीसाठी लॉगस्टॅशला दारात उभं करू नका. पुढे आरसिसलॉग (लिनक्सवर लॉग घेणारा प्रोग्राम) ठेवा, त्याने आधी फाइलमध्ये लिहावं आणि फाइलबीटने (फाइलींतले लॉग वाचून पुढे पाठवणारा प्रोग्राम) तिथून उचलावं. कुठपर्यंत वाचलं हे फाइलबीट लक्षात ठेवतो, त्यामुळे मागचं काहीही बंद पडलं तरी तो तिथूनच पुढे वाचतो. लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइली काढून टाकणारा) फार घाईचा नको, न वाचलेली फाइल उडेल. यूडीपीत वाटेतच हरवलेलं मात्र परत येत नाही. निदान सर्व्हर तरी टीसीपीवर (पोचल्याची खात्री करणारी पाठवणी) न्या.

वेळेचं म्हणाल तर जुन्या सिसलॉग फॉरमॅटमध्ये (आरएफसी ३१६४) टाइमझोनच नसतो. फायरवॉल स्थानिक वेळ पाठवतोय आणि लॉगस्टॅश ती यूटीसी धरतोय असं दिसतंय. डेट फिल्टरमध्ये टाइमझोन द्या.

धागाकर्ता:
आभार! टीसीपी लावलं आणि लॉग सर्व्हरच बंद पडला, तर बाकीचे सर्व्हर अडकणार नाहीत ना?

प्रतिसाद २:
पाठवायच्या लॉगची रांग, म्हणजे क्यू, भरली तर अडकू शकतात. प्रत्येक सर्व्हरवर फॉरवर्डिंगला वेगळी, डिस्कचा आधार असलेली क्यू द्या आणि तिला जागेची मर्यादा घाला.

९० दिवसांचं गणित कच्च्या लॉगवर करू नका, इंडेक्सचा आकार मॅपिंगप्रमाणे (कोणती माहिती कशी साठवायची त्याच्या व्याख्येप्रमाणे) बदलतो. आठवडाभर मोजून मग आयएलएममध्ये (जुने इंडेक्स आपोआप हाताळणारी इलॅस्टिकसर्चची सोय) डिलीटची मुदत ठरवा. डिस्क ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च तिच्यावरच्या इंडेक्समध्ये लिहिणं थांबवतो. कच्च्या फाइलींना तर वेगळं पार्टिशनच द्या.