२८ मिमी मराठा सैन्य: छोटं दुकान काढायचंय, साचे आणि साठा कसा ठरवावा?

कवायती_पलटण (लेस्टर)
वॉरगेमिंगवाल्यांसाठी (छोट्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळणाऱ्यांसाठी) मराठा सैन्याच्या २८ मिमी उंचीच्या धातूच्या फिगर विकायचं चाललंय. ऑनलाइन दुकान, शिवाय वर्षात दोन-तीन प्रदर्शनांत टेबल. आठ पायदळ आणि तीन घोडेस्वारांची थ्रीडी शिल्पं तयार आहेत. रेझिन प्रिंटवरून थेट रबराचा साचा होईल का? पहिल्या खेपेला किती माल ओतावा? रंग ठेवावेत का?

साचेबंद
साध्या रेझिनचा प्रिंट व्हल्कनायझिंग प्रेसमध्ये (रबर तापवून, दाबून साचा पक्का करणाऱ्या यंत्रात) गेला की संपला. तिथे दीडशे अंशांच्या आसपास उष्णता आणि वरून दाब. प्रिंटला तडे जातात, बंदुकीची नळी तर हमखास तुटते. एक तर उष्णता सोसणाऱ्या रेझिनमध्ये प्रिंट काढा, नाहीतर आधी थंडच सेट होणाऱ्या सिलिकॉनचा छोटा साचा करून त्यातून धातूची मूळ प्रत काढा. तिच्या पाच-सहा प्रती ओतून, कानशीने साफ करून, त्यांच्यावरून विक्रीच्या मालाचा साचा बनवा.

यात एक गोम आहे. दर पिढीला, म्हणजे प्रतीवरून पुन्हा प्रत काढली की, फिगर एक-दोन टक्के आकसते. स्वार पहिल्या पिढीचा आणि घोडा दुसऱ्या पिढीचा असला तर स्वार खोगिरावर डुगडुगतो. उलट झालं तर मांड्यांत घोडा मावतच नाही. दोन्ही एकाच पिढीचे हवेत.

संगिनीचं टोक अर्धवट येत असेल तर लगेच धातू जास्त तापवू नका. बहुतेक वेळा हवा अडकलेली असते. टोकापासून बारीक हवावाट स्काल्पेलने कोरा, साच्यावर टाल्कम भुरभुरा. कडेने पापुद्रा सुटला तर साचा फिरवणाऱ्या चकतीचा वेग जास्त किंवा साच्यावरचा दाब कमी. अंग खरबरीत आलं तर धातू फार तापलाय. आणि ओलं भंगार वितळलेल्या धातूत कधीही टाकू नका, पाण्याची वाफ होऊन धातू तोंडावर उडतो.

हुजुरात
पैसा साच्यांपेक्षा साठ्यात अडकतो. आपलं गिऱ्हाईक फिगर नाही, पलटण विकत घेतं. २४ ची तुकडी धरा: सहाच्या पॅकचा हिशेब केला तर एक कमांड पॅक (निशाणदार, वाजंत्री वगैरे) आणि तीन शिपायांचे. सगळे एकाच नऊ इंची साच्यात बसवलेत की निशाणदार आणि वाजंत्र्यांचा ढीग लागतो आणि बंदूकवाले संपतात. जादा माल वितळवता येतो, पण मेहनत वाया. कमांडचा साचा वेगळाच करा. निशाणाची काठी ओतू नका, पोलादी तार द्या. ओतीव काठी पाकिटातच वाकते.

साठा प्रत्येक पॅकचा दहा-बारा, प्रदर्शनाआधी दुप्पट. बाकीचं ऑर्डर आल्यावर ओता आणि ‘दोन आठवडे लागतील’ असं दुकानाच्या पानावर ठळक लिहा.

तीन स्वार मात्र फार कमी. मराठा सैन्य म्हणजे घोडदळ, आणि १२ स्वारांत त्याच तीन ढबी चार-चारदा आल्या की डोळ्यांत खुपतात. घोडे तीनच राहू द्या. डोकी आणि उजवे हात सुटे करून ढबी वाढवा.

काळ कोणता ते आधी ठरवा. पानिपतचे (१७६१) गारदी आणि असईच्या (१८०३) शिंद्यांच्या पलटणी एकाच साच्यातून काढल्यात तर जाणकार पहिल्याच दिवशी धरतील. माझं मत असईला: वेलस्लीची, म्हणजे असईच्या इंग्रज सेनापतीची, फौज ज्यांच्या कपाटात आधीच आहे, त्यांना फक्त समोरची बाजू लागते. पानिपतवाल्याला दोन्ही सैन्यं उभी करावी लागतात.

टपालहंशील
रॉयल मेलचं (ब्रिटिश टपालाचं) लार्ज लेटर, म्हणजे पार्सलपेक्षा स्वस्त मोठं पाकीट, २५ मिमी जाडी आणि ७५० ग्रॅमपर्यंत चालतं. शिपाई १२ ते १५ ग्रॅमचा, म्हणजे २४ ची पलटण आरामात बसते. घोडे आडवे, एकाच थरात ठेवा. एकावर एक आले की पार्सलचा दर लागलाच.

पाकिटावर ‘१४ वर्षांवरील संग्राहकांसाठी’ हे छापाच, नाहीतर माल खेळण्यांच्या नियमांत जातो. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात आणि उत्तर आयर्लंडमध्ये विकायचं तर संघातल्या जबाबदार प्रतिनिधीचं नाव-पत्ता मालावर किंवा वेष्टनावर लागतो. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. सुरुवातीला ब्रिटनपुरतंच विका, बाकीचे देश चेकआउटमध्ये बंद ठेवा.

साचेबंद
रंगांचं राहिलं. अजिबात नको. एका कंपनीचा पूर्ण रॅक म्हणजे दोनशेच्या वर बाटल्या, आणि सतत उठतात त्या काळा, पांढरा आणि दोन-तीन तपकिरी.

हुजुरात
रॅक नको, मान्य. पण २ मिमी एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या पातळ फळीचे) बेस, म्हणजे फिगरखालच्या चकत्या, ठेवाच: पायदळाला २५ मिमी गोल, घोड्याला २५ × ५०. ते लागतातच, टपालात जागा खात नाहीत आणि शिळे होत नाहीत.

कवायती_पलटण
असई पक्कं. डोकं सुटं केलं तर मानेचा सांधा दिसणार नाही का?

साचेबंद
सांधा अंगरख्याच्या गळ्याच्या आत घ्या, मानेवर मध्येच नको. गळ्यात उथळ वाटी, डोक्याखाली गोल खुंटी. खुंटी वाटीपेक्षा किंचित बारीक ठेवा; धातूवर प्रायमर आणि गोंदाचा थर आला की जेमतेम बसणारा सांधा बसेनासा होतो.