घरांचे भाव खरंच कधी उतरत नाहीत का?

वाकडचा_भाडेकरू:
वाकडला टू बीएचकेमध्ये राहतो, भाडं २७ हजार. शेजारच्या विंगमधला तसाच फ्लॅट ९५ लाखांना विकायला निघालाय. ७५ लाख कर्ज काढलं तर ८ टक्क्यांनी वीस वर्षं जवळपास ६३ हजार हप्ता. बाबा म्हणतात, "डोळे झाकून घे, जागेचा भाव कधी उतरत नाही." भाड्याच्या दुपटीहून जास्त हप्ता, तरी लोक घेतायतच. हे भाव ठरतात तरी कशावर?

ठाण्याचे_काका:
गृहकर्जाच्या टेबलावर नोकरी केली, म्हणून सांगतो. उतरतात! १९९५च्या सुमारास मुंबईत भाव आभाळाला टेकले होते, मग उतरण लागली आणि २००३पर्यंत बाजार थंडच होता.

तेव्हा व्याज पंधरा टक्क्यांच्या आसपास. लाखाला पंधरा वर्षांचा हप्ता चौदाशे रुपये, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. २००४च्या सुमारास दर आठावर आले, मुदत सर्रास वीस वर्षांची झाली आणि तोच हप्ता ८३६ वर आला. म्हणजे पगार तोच धरा, हप्ता चौदाशेच धरा, तरी लाखाच्या जागी एक लाख सदुसष्ट हजार कर्ज बसायला लागलं. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांनी घेतलं त्यांची चांदी झाली. पुढे बिल्डरांनी ते सदुसष्ट हजार भावातच धरले. वर २००१पासून दीड लाखापर्यंतच्या व्याजावर करसवलत, आणि तुमच्या बाजूला हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचे पगार.

जमिनीचंही आहेच. शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवायची यावर मर्यादा घालणारा १९७६चा कमाल नागरी जमीन कायदा महाराष्ट्राने २००७मध्ये रद्द केला, तोवर शहरांतल्या कितीतरी जमिनी कोर्टकज्ज्यांत अडकून होत्या. आणि १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईत भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, मग भाड्यासाठी चाळी बांधणार कोण? तिथून सगळे मालकीच्या फ्लॅटमागे लागले.

मेघना_चिंचवड:
काका, सरकार काय करतं तेही धरा की. आम्ही डिसेंबर २०२० मध्ये घेतलं. मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के केलं होतं, तेही ३१ तारखेपर्यंतच. निबंधक कार्यालयात मास्क लावून जिन्यापर्यंत रांग, त्यात सर्व्हर बंद. एरवी फोन न उचलणारा बिल्डर स्वतःहून पार्किंग देतो म्हणाला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, तेव्हा ४ टक्के. तो वाढला की आमचं व्याजही वाढतं. मे २०२२पासून रेपो वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ला साडेसहावर गेला. बँकेने हप्ता वाढवलाच नाही, गुपचूप मुदत वाढवली. स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं, कर्ज ह्यांच्या निवृत्तीच्या पलीकडे गेलंय.

वाकडचा_भाडेकरू:
बापरे. मग भाव पडेपर्यंत थांबू?

ठाण्याचे_काका:
मेघनाताई, मुदत वाढली की बँकेला लेखी अर्ज देऊन हप्ता वाढवून घ्यायचा. बहुतेक जण कंटाळा करतात.

आणि भाडेकरूसाहेब, पडलेला भाव जाहिरातीत दिसत नाही. नोटाबंदीनंतरचं बघा. २०१६च्या नोव्हेंबरात रोकड आटली, पुढच्या वर्षी रेरा (बिल्डरांना वेसण घालणारा कायदा) आणि जीएसटी एकदमच आले, २०१८मध्ये बिल्डरांना कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांचेच पैसे आटले. तरी दरपत्रकावरचा आकडा बहुतेकांनी हलवला नाही. कुणी मॉड्युलर किचन फुकट दिलं, कुणी मुद्रांक शुल्क स्वतः भरलं. चार वर्षं आकडा तोच राहिला, तर महागाईने भाव आपोआप खाल्लेला असतो.

त्यामुळे एजंट ९५ म्हणतोय ते बाजूला ठेवा. त्याच विंगचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढा, नोंदणी विभागाच्या साइटवर मिळतात. गेल्या वर्षभरात फ्लॅट कितीला नोंदले गेले ते बघून बोलणी करा. हप्ताही ८ टक्क्यांवर नको, १० वर मांडून बघा. ७५ लाखांना ७२ हजारांच्या वर जातो.