ख्रिश्चन सस्पेन्स कादंबऱ्या: खून, पाठलाग, रोमान्स आणि वर प्रार्थना… हे मिश्रण लोकांना एवढं का आवडतं?

पान_उलटे

बरेच दिवस डोक्यात आहे, विचारूनच टाकते. मी पक्की थ्रिलरवाली. पाठलाग, ओलीस, बॉम्बची वायर कापायला शेवटची काही सेकंदं, असलं काही असलं की मी खूश. एका मैत्रिणीने फारच मागे लागून डी हेंडरसनचं 'द निगोशिएटर' (२०००) वाचायला लावलं. हिरॉइन पोलिसात, ओलीस धरणाऱ्यांशी बोलणी करायचं काम तिचं, हिरो एफबीआयचा, सुरुवातीलाच बँकेतलं ओलीसनाट्य, मग कुणीतरी तिच्या मागावर. इथपर्यंत माझ्या नेहमीच्या आवडीचं. पण ही माणसं मधेच देवाबद्दल बोलायला लागतात आणि नुसती बोलत नाहीत, त्यावरून त्यांचं प्रेम अडतं! तो श्रद्धाळू, ती नाही, म्हणून तिच्यावर जीव असूनही हा पुढे पाऊल टाकत नाही. मला वाटलेलं ही पानं मी भराभर उलटून टाकीन, पण उलट तीच जास्त लक्ष देऊन वाचली. मी काही धार्मिक वगैरे नाही हां. मग नक्की कशात अडकले मी? आणि या प्रकारातली सगळीच पुस्तकं अशी असतात का, की शेवटी सगळे बाप्तिस्मा घेऊन मोकळे?

निळी_शाई

ती पानं काढली तर गोष्टच उरत नाही, म्हणून उलटली नाहीत तुम्ही. साध्या थ्रिलरमध्ये एकच प्रश्न असतो, हा वाचणार की मरणार. इथे दुसरा एक प्रश्न सोबत चालतो, की वाचला तर आतला जो कडवटपणा आहे त्याचं काय करणार. पार्टनर आपल्यामुळे मेला ही टोचणी घेऊन फिरणारा पोलीस, लहानपणी आईबापांनी टाकलेली मुलगी, कुणालातरी माफ न करू शकलेला भाऊ, ही या प्रकारातली नेहमीची मंडळी. ओ'मॅली मालिका (तुम्ही वाचलंत ते तिचंच पुस्तक) तर सात अनाथ मुलांची आहे, मोठी झाल्यावर स्वतःच ठरवून एकमेकांचं कुटुंब झालेली. त्यांना देवावर विश्वास ठेवायला सांगणं म्हणजे बघा, ज्यांनी सांभाळायचं त्यांनीच सोडलं असा अनुभव असलेल्यांना सांगणं. त्यात धाकट्या बहिणीला कॅन्सर निघतो आणि तो धागा पुढच्या पुस्तकांतही चालू राहतो. गुन्हेगार प्रत्येक पुस्तकात बदलतो पण "देव आहे तर हिलाच का" हा प्रश्न तिथेच बसून असतो.

आणि धोका असल्यामुळे श्रद्धेचं बोलणं उपदेश वाटत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुखी घरात चहा पिता पिता कुणी पापक्षमेवर बोलायला लागलं तर आपण जांभई देऊ, पण बाहेर बंदूक घेऊन माणूस उभा आहे आणि फोन बंद आहे म्हटल्यावर तोच संवाद आपण श्वास रोखून वाचतो, कारण हे पात्र सगळं स्वतःच्या हातात ठेवणारं होतं आणि आता हातात काहीच राहिलेलं नाही. अशा वेळी माणूस कुणाला हाक मारतो हे बघायला नास्तिक वाचकालाही आवडतं.

रोमान्सचंही तसंच. बेडरूमचं दार लेखिका उघडतच नाही, त्यामुळे सगळा ताण तिला दुसरीकडे उभा करावा लागतो. जखम बांधताना, रात्रभर गाडीत बसून पहारा देताना, "तू झोप, मी जागा आहे" यात. चुंबन बहुतेक वेळा पार शेवटाकडे येतं, आणि तोवर आपणच वैतागलेलो असतो की करा आता एकदाचं! टेरी ब्लॅकस्टॉकने तर आधी टोपणनावाने साध्या रोमान्स कादंबऱ्या लिहिल्या आणि मग ते सोडून ख्रिश्चन सस्पेन्सकडे आली, त्यामुळे वाचकाला कुठे थांबवून ठेवायचं हे तिला बरोबर माहीत आहे.

रविवारचा_वाचक

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. मी यातली बरीच वाचलीत (घरात येतात म्हणून वाचतो, पण वाचतो) आणि माझी तक्रार अशी की जिथे लेखक अडकतो तिथे देव कामाला लागतो. हिरॉइन तळघरात कोंडलेली, ती डोळे मिटून प्रार्थना करते, पुढच्या परिच्छेदात तिला खिळा सापडतो. अरे! मग मी एवढी पानं घाबरलो कशाला? लेखकाला पाहिजे तेव्हा चमत्कार होणार असेल तर सस्पेन्स कसला.

दुसरं, साचा. लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स नावाची जी मालिका आहे हार्लेक्विन या प्रकाशन संस्थेची, २००५ पासून चालू, त्यातली पुस्तकं साधारण ५५ हजार शब्दांची. तेवढ्यात खुनी पाहिजे, प्रेम पाहिजे, श्रद्धेचा प्रवास पाहिजे, शिवी नको, सेक्स नको. मग काहीतरी पातळ होणारच, आणि ते बहुतेक वेळा खलनायक असतो. तो वाईट का आहे तर तो वाईट आहे म्हणून. आणि गंमत बघा, या पुस्तकांत खून चालतो, अपहरण चालतं, सिरीयल किलर पण चालतो, पण हिरोच्या पायावर गोळी लागली तरी त्याच्या तोंडून एक शिवी निघत नाही. याला लोक 'स्वच्छ वाचन' म्हणतात. मला तरी ते अजबच वाटतं.

निळी_शाई

@रविवारचा_वाचक खिळ्याबद्दल हात जोडले, तसली पुस्तकं मीही अर्ध्यात टाकते. पण स्वच्छवाल्या मुद्द्यावर नाही पटलं. हिंसा असते पण तिची चव घेत घेत वर्णन नसतं, मेलेल्या बाईचं शरीर पानभर रंगवलेलं नसतं. नेहमीच्या थ्रिलरमध्ये मला ज्याचा उबग आला ते हेच होतं. बऱ्याच वाचकांना धर्मापेक्षा हेच हवं असतं, की भीती वाटावी पण पुस्तक मिटल्यावर घाण वाटू नये, आणि तेच पुस्तक वयात येणाऱ्या मुलीच्या हातात बिनधास्त देता यावं.

तिसरी_घंटा

मी श्रद्धाळू आहे आणि तरीही रविवारचा_वाचक यांच्या बाजूने. प्रार्थना केली की खिळा, हे नुसतं वाईट सस्पेन्स नाही, वाईट ख्रिस्ती लेखनही आहे. बायबलमध्येच इतक्या सोप्या सुटका नाहीत. स्तोत्र ८८ वाचा, माणूस रात्रंदिवस हाका मारतोय आणि स्तोत्र अंधारातच संपतं, उत्तर येतच नाही.

आणि सस्पेन्स कसा बांधायचा हेही तिथेच आहे की. एस्तेरचं पुस्तक घ्या. अख्ख्या यहुदी लोकांच्या कत्तलीचा हुकूम सुटलाय, तारीख ठरलीय, राणी एस्तेर स्वतः यहुदी आहे पण राजाला ते माहीत नाही, बोलावल्याशिवाय राजापुढे गेलं तर मरणाची शिक्षा. ती जाते, राजा विचारतो काय पाहिजे, तर ही म्हणते जेवायला या. जेवणात परत विचारतो, ही म्हणते उद्या परत या! काय ताणलंय बघा. आणि मधल्या रात्री राजाला झोप लागत नाही म्हणून तो दरबाराची बखर वाचून घेतो, त्यात मर्दखयने (एस्तेरचा चुलतभाऊ, त्यानेच तिला वाढवलेलं) त्याचा जीव वाचवल्याची नोंद निघते, आणि तिथून कत्तलीचा घाट घालणाऱ्या हामान या दरबाऱ्याचा सगळा डाव उलटायला लागतो. मूळ हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. एका माणसाला झोप येत नाही, बस. श्रद्धाळू वाचकाला त्यात देवाचा हात दिसतो, दुसऱ्याला योगायोग दिसतो, आणि गोष्ट दोघांनाही पकडून ठेवते. चांगली ख्रिश्चन सस्पेन्स लेखिका हेच करते. मदत येते, पण कुणाच्यातरी जाग्या राहण्यातून, कुणी केलेल्या एका फोनमधून, आणि प्रार्थना केली तरी कुणीतरी मरतंच.

अ‍ॅक्शनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. या पुस्तकांत मला सगळ्यात ताण येतो तो खलनायक हाती लागल्यावर, आधी नाही. हिरोच्या हातात बंदूक आहे, समोर त्याच्या बहिणीचा खुनी निःशस्त्र, साक्षीदार कुणी नाही. साध्या थ्रिलरमध्ये आपण ओरडतो "मार". इथे त्याने मारलं तर हिरो वाचला आणि गोष्ट हरली. हेही बायबलमधलंच जुनं आहे, शौल राजा दाविदाला मारायला फिरतोय आणि एन-गेदीच्या गुहेत आयता दाविदाच्या तावडीत सापडतो, बरोबरचे लोक म्हणतायत हीच संधी, आणि दाविद फक्त त्याच्या झग्याचा काठ कापून घेतो. वर त्या काठाचंही त्याच्या मनाला लागतं! बदला घ्यायची पूर्ण सोय असताना न घेणं, याएवढा थरार गोळीबारात नसतो असं माझं मत.

रविवारचा_वाचक

एस्तेरचं पटलं. पण मग फ्रँक पेरेटीचं काय? 'धिस प्रेझेंट डार्कनेस' (१९८६) मध्ये तर छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्मे तलवारी घेऊन लढतात आणि माणसांच्या प्रार्थनेवर देवदूतांची ताकद वाढते. तिथे देवाचा हात लपवलेला वगैरे काही नाही, सरळ समोर. आणि ते तर धो धो खपलं.

तिसरी_घंटा

खपलं कारण नियम पहिल्यापासून उघड आहेत. प्रार्थना कमी पडली की देवदूत मागे रेटले जातात, म्हणजे प्रार्थनेला किंमत आहे आणि ती कमी पडू शकते, म्हणून भीती खरी वाटते. तुमच्या तळघरातल्या खिळ्याला काहीच किंमत मोजलेली नव्हती. पण त्यात रोमान्स जवळपास नाही, त्यामुळे पान_उलटे यांच्या प्रश्नात ते बसत नाही.

पान_उलटे

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एन-गेदीची गोष्ट मला माहीतच नव्हती. पण बाप्तिस्म्याचं उत्तर कुणी दिलंच नाही! आणि पुढे काय वाचू? मला अ‍ॅक्शन जास्त पाहिजे, उपदेश कमी.

निळी_शाई

सगळेच नाही घेत 😄 बऱ्याच पुस्तकांत दोघं आधीपासूनच श्रद्धाळू असतात, फक्त एकजण देवावर रुसलेला असतो, आणि शेवटी रुसवा पूर्ण जातो असंही नाही. जिथे नास्तिक पात्राचं मतपरिवर्तन आहे तिथे एकच बघायचं, ते लग्नासाठी अडथळा दूर करायला झालंय की त्या माणसाचं त्याला स्वतःला पटलंय. पहिलं असेल तर पुस्तक मिटा. 'निगोशिएटर'मध्ये तरी हेंडरसन घाई करत नाही, म्हणून तर तुम्ही अडकलात.

पुढे लिनेट ईसनची एलिट गार्डियन्स मालिका घ्या, सगळ्या बॉडीगार्ड बायका आहेत आणि वेग भरपूर. बर्फ, समुद्र, डायव्हिंग असलं आवडत असेल तर डॅनी पेट्रीची अलास्कातली मालिका, पहिलं पुस्तक 'सबमर्ज्ड' (२०१२). आणि ओ'मॅली पुढे वाचणार असाल तर आधी 'डेंजर इन द शॅडोज' वाचा, ती तुमच्या एफबीआयवाल्याच्या बहिणीची गोष्ट आहे. तो बहिणीला एवढा जपतो का ते तिथे कळेल.

रविवारचा_वाचक

ईसनला माझंही मत, पण मालिका क्रमानेच वाचा. मी मधूनच उचललं तर आधीच्या पुस्तकातलं कोण कुणाशी लग्न करणार ते पहिल्या दहा पानांत कळलं, आणि खुनी कोण ते मात्र शेवटपर्यंत नाही.