एंडोमेट्रिओसिस असताना आहार आणि चार्टच्या भरवशावर किती थांबायचं?

मृण्मयी
माझं मत आधीच सांगते. एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतोय, आणि मूल हवंय, अशा प्रत्येकीला पाळीचा चार्ट कसा ठेवायचा हे पहिल्याच भेटीत शिकवायला हवं. खाण्याबद्दलही बोलायला हवं. मला हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या, दुखणं कमी झालं. पण त्या गोळ्यांवर दिवस राहत नाहीत. मूल हवं म्हटल्यावर गोळ्या बंद झाल्या आणि दुखणं परत आलं. पुढे काय, तर 'प्रयत्न करत राहा'.

या आजारात संबंधाच्या वेळीही दुखतं, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. अशा बाईला 'एक दिवसाआड संबंध ठेवा' सांगणं क्रूर आहे. बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे उपयोगाचे दिवस महिन्यात सहाच. ते ओळखता आले तर बाकीचे दिवस तिला सुटका मिळते. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातून उठायच्या आत थर्मामीटर जिभेखाली ठेवायचा. बीज सुटल्यावर तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. त्याआधीचे दिवस स्रावावरून कळतात. बोटांत धरला की तार सुटते, निसरडा आणि पारदर्शक असतो. यात न जमण्यासारखं काय आहे?

रेणुका_प
मृण्मयीताई, तळमळ पटते, निष्कर्ष अजिबात नाही. तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर. आणि चढलं म्हणजे बीज सुटलंच असंही नाही. कधी कधी बीज ज्यात वाढतं तो बीजकोश फुटतच नाही, बीज आतच राहतं, तरी तापमान चढवणारं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार होतं आणि चार्ट अगदी छान दिसतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये हे होऊ शकतं. गर्भनलिका उघड्या आहेत का, अंडाशय आतड्याला चिकटलंय का, चॉकलेट सिस्ट (या आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ) किती वाढलीय, यातलं काहीच चार्ट सांगत नाही.

माझ्या बहिणीच्या वहीत एकही दिवस कोरा नव्हता. दोन्ही नलिका बंद असल्याचं कळलं ते फार उशिरा, कारण 'चार्ट तर चांगला आहे' म्हणून तपासणी पुढे ढकलली जात होती. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा, हा नियम आजार नसलेल्यांसाठी आहे. एंडोमेट्रिओसिस माहीत असेल तर तेवढंही थांबू नये.

शर्वरी
आहाराबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून २०१० मध्ये आलेला निष्कर्ष सगळीकडे फिरतो. ज्यांच्या आहारात ट्रान्स फॅट सर्वाधिक, त्यांच्यात एंडोमेट्रिओसिसचं निदान होण्याचा धोका सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त; ओमेगा-३ भरपूर घेणाऱ्यांमध्ये २२ टक्क्यांनी कमी. हा धोक्याचा आकडा आहे. झालेला आजार ओमेगा-३ ने बरा होतो किंवा दिवस राहतात, असं त्यातून निघत नाही.

ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बंद केल्याचा २०१२ चा अभ्यास २०७ जणींचा होता. वर्षभराने ७५ टक्के जणींनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. बाईने गहू, दूध, साखर सगळं सोडायचं, वजन आणि हिमोग्लोबिन घसरायचं, तेही गर्भधारणेच्या तयारीत असताना? ज्यांना पोट फुगणं, जुलाब, बद्धकोष्ठ असा त्रास आहे त्यांना कमी फॉडमॅपच्या (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी असलेल्या) आहाराने आराम पडू शकतो. तोही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि थोड्याच काळासाठी. फॉलिक अ‍ॅसिड मात्र कुठलाही पंथ असो, सुरू करा.

अनुजा
शर्वरीला दुजोरा. आहाराचं खूळ घरात शिरलं की प्रत्येक महिन्यात पाळी आल्यावर 'काय खाल्लं होतंस?' हा प्रश्न येतो. आजार तिला झालाय आणि वर गुन्हाही तिचाच ठरतो.

मृण्मयी
रेणुका, तपासणी टाळा असं मी कुठे म्हटलं? उलट माझी तपासणी झालीच त्या वहीमुळे. या आजाराचं निदान व्हायला जगभर ४ ते १२ वर्षं जातात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाळीत दुखतं म्हटलं की 'सगळ्यांनाच दुखतं' हे उत्तर तयार असतं. मी तापमानाच्या रकान्याशेजारी दुखण्याला दहापैकी गुण लिहीत होते. शौचाला जाताना कळ आली की वेगळी खूण. ती खूण दर महिन्याला पाळीच्याच दिवसांत पडलेली पाहून डॉक्टर थांबल्या आणि नीट सोनोग्राफी लिहून दिली. नुसतं तोंडाने सांगून हे झालं नव्हतं.

सुजाता_ओपीडी
मी स्त्रीरोग विभागात काम करते. अशी नोंद खरंच उपयोगी पडते, कारण प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी सरसकट एकविसाव्या दिवशी न करता बीज सुटल्यानंतर सातव्या दिवसाच्या आसपास करता येते. मृण्मयीताईंचा गोळ्यांचा मुद्दाही रास्त. दिवस राहण्याची शक्यता वाढावी म्हणून हॉर्मोनने बीज थांबवायचे उपचार देऊ नयेत, असं युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

पण बाकी मी रेणुकाच्या बाजूने. चार्ट सुरू केला त्याच आठवड्यात एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी), सोनोग्राफी आणि नलिकांची तपासणी यांबद्दल विचारा. सिस्ट काढायची म्हटली तर ऑपरेशनने एएमएच आणखी घसरू शकतं, म्हणून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) आधी की ऑपरेशन आधी हे ठरवायला वेळ हाताशी असावा लागतो. आणखी एक, जे सहसा सांगितलं जात नाही. आयबुप्रोफेनच्या जातीच्या पेनकिलर नेमक्या बीज सुटण्याच्या दिवसांत घेतल्या तर बीजकोश फुटण्यात अडथळा येऊ शकतो. त्या दिवसांत दुखलं तर काय घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

मृण्मयी
पेनकिलरचं मला आज कळलं. तरी चार्ट 'सुरू केला त्याच आठवड्यात' सगळ्या तपासण्या, हे मला जड वाटतं. नलिकांच्या तपासणीत काही जणींना फार दुखतं. पंचविशीतल्या मुलीला दोन-तीन महिने तरी शांतपणे स्वतःचं चक्र बघू द्या.

रेणुका_प
पंचविशीतली असेल तर द्या. पण शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवू दे.

अनुजा
तापमान तिचं, स्राव तिचा, ताट तिचं, नलिका तिच्या. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचं नाव इथे अजून कुणी काढलं नाही. ती सगळ्यात सोपी तपासणी आहे आणि त्यात कुणाला दुखतही नाही. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला मृण्मयीताईंचीही हरकत नसावी.